कर्ता नाई

पांढऱ्या साडीचं एक बरं असतं. ती कालचीच आहे की दुसरी, हे समोरच्याला कळत नाही. मोरपंखी साडी लोकांच्या लक्षात राहते, डाळिंबी तर महिनाभर राहते. पांढरी नेसून रोज आलात तरी लोक एवढंच म्हणतात, बाई किती स्वच्छ राहतात.

गडचिरोलीत मुलचेऱ्याच्या बाजूला बंगाली निर्वासितांच्या एका वस्तीतल्या प्राथमिक शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागले, तेव्हा माझ्याकडे बाहेर नेसण्यासारख्या तीनच साड्या होत्या आणि तिन्ही पांढऱ्या. निळ्या बारीक काठाची माझ्या लग्नातली. आम्ही बौद्ध, आमच्यात नवरीच पांढऱ्या साडीत उभी राहते. दुसरी सासूबाईंनी दीक्षाभूमीला जाताना नेसायला घेतली होती, ती माझ्या नोकरीपायी त्यांनी मला देऊन टाकली. तिसरी कुठून आली ते आठवत नाही. मानधन म्हणजे हातात आलं आणि गेलं असं होतं. त्यात मी शाळेत आणि केंद्राच्या बैठकीत सगळ्यांत टापटीप बाई म्हणून ओळखली जायचे. भाताची पेज गाळून त्यात साडी बुडवायची, आधी नीळ, मग पेज. दोरीवर वाळत घालताना काठ ओढून सरळ करायचा. शाळेत भाजीचा डाग पडला तर त्यावर खडू घासायचा, लांबून दिसत नाही. हातातलं घड्याळ बंद होतं, पण पट्टा चांगला होता, म्हणून घालायचे. चपलेला खोबरेल तेलाचं बोट. ब्लाउज दोनच, त्यातल्या एकाच्या बाह्या उसवून आखूड केल्या म्हणून तिसरा असल्यासारखं वाटायचं.

हे कोणाला शिकवायला लिहीत नाही. या टापटिपीच्या आड मी माझ्या नवऱ्याला, तो वरोऱ्याला धडधाकट असताना, एका अख्ख्या वस्तीसाठी मेलेला ठरवलं आणि कितीतरी वर्षं मेलेलाच ठेवलं. ते सांगायचं आहे. आजवर कोणाजवळ बोलले नाही. बोलायची सवयही नाही मला.

सुरुवात एका शब्दानं झाली. ज्यांच्याकडे खोली घेतली त्या घरात एक म्हातारी बाई, तिचा मुलगा आणि सून. सगळी वस्ती तिला मासी म्हणायची, मीही म्हणू लागले. ती बिनकाठाची पांढरी साडी नेसायची, तिला थान म्हणतात. पहिल्याच दिवशी मी ट्रंक उघडत होते आणि ती दारात बसून माझ्याकडे बघत होती. माझं कपाळ रिकामं, गळा रिकामा. आमच्या सासूबाई धम्माच्या बाबतीत कडक, घरात कुंकू-मंगळसूत्र चालायचं नाही. हातात त्या बंद घड्याळाशिवाय काही नाही. अंगावर पांढरी साडी. मासीनं हळूच विचारलं, "कर्ता नेई?"

बंगाली मला तेव्हा येत नव्हतं. पण कर्ता हा शब्द आपलाच की. कर्ता पुरुष, घर चालवणारा, कमावणारा. आणि नेई म्हणजे नाई, आमच्या वरोऱ्याकडे नाही म्हणायला नाईच म्हणतात. मला वाटलं, ती विचारते आहे की घरात कोणी कमावतं नाही का, म्हणून बाईमाणूस इतक्या लांब आली. प्रश्न नेमका जखमेवर होता. आमची पोरगी वरोऱ्याला सासूबाईंजवळ होती. पोरीचे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये होते, ती जिनिंग बंद पडली होती. तेव्हापासून ते चौकात बसायचे, प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचे, आणि शर्टाच्या खिशापाशी तांबडे डाग घेऊन घरी यायचे. माझ्या मनात त्यांच्याविषयी जे साचलं होतं, ते त्या दोन अक्षरांत बाहेर पडलं. मी म्हणाले, "नाई."

मासी उठून आत आली, माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मला वाटलं, फारच मायाळू बाई आहे.

बंगालीत कर्ता म्हणजे नवरा. आणि कर्ता नेई म्हणजे तो या जगात नाही. हे मला कळायला आठवडा लागला. शाळेतल्या एका मुलीनं मला सांगितलं की तिची आई म्हणते, दिदिमणी, म्हणजे शाळेतली बाई, बिधोबा आहे, म्हणून तिच्या ताईच्या हळदीला बोलवायचं नाही. बिधोबा ऐकून मला आधी विठोबाच वाटला, आणि मी त्या पोरीला विठोबा म्हणजे काय ते समजावायला लागले. मग वर्गातली मोठी पोरं हसली आणि त्यातल्या एकानं हिंदीत नीट सांगितलं.

त्याच दिवशी घरी जाऊन मासीला सांगता आलं असतं. तसं ठरवूनच निघाले होते. पण घरी पोचले तर मासीनं माझ्यासाठी वेगळा भात आणि वांग्या-बटाट्याची भाजी करून ठेवली होती. त्यांच्या जुन्या बायांमध्ये नवरा गेला की मासे सुटतात. घरात मुलगा-सुनेसाठी तळ्यातल्या माशाचं कालवण होतं, आणि मासीनं आपल्या चुलीवर, आपल्या भांड्यात आम्हा दोघींपुरतं रांधलं होतं. जेवताना ती मला अर्ध्या बंगालीत, अर्ध्या हिंदीत तिच्या नवऱ्याबद्दल सांगत राहिली. तिचा सूर असा होता की समोरच्या माणसाला सगळं आधीच माहीत आहे. सून उठून गेल्यावर ती म्हणाली, या घरात आता तिला एकटं वाटत नाही. त्यानंतर मी काय सांगणार होते?

हे मी मासीसाठी केलं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. दुसरं अर्ध असं की मला ते सोयीचं गेलं. नवरा काय करतो, कुठे असतो, सुट्टीत का येत नाही, हे प्रश्नच संपले. पांढऱ्या साड्यांना एक कारण मिळालं. आधी माझ्याकडे तीनच साड्या होत्या म्हणून पांढरी होती, आता लोक म्हणायचे बाईंचं राहणंच तसं आहे, साधं, शुभ्र. पंचायतीतले पुरुष मला बघून आवाज उतरवून बोलायचे. कोणाच्या घरात भांडण झालं तर दिदिमणीला बोलवा. मी जायचे, पदर खांद्यावर पिनेनं नीट बसवून, आणि लोकांना संसार कसा करावा ते सांगायचे.

महिन्यातून एकदा वरोऱ्याला जायचे. पोरीचे बाबा मच्छी आणून ठेवायचे, स्वतः साफ करायचे, स्वतः तळायचे. मी महिन्याभराची उपाशी असल्यासारखी खायचे. एकदा सासूबाई म्हणाल्या, त्या बंगाल्यांच्या गावात मच्छी मिळत नाई का हिले? पोरीचे बाबा हसले. मी काटे वेचत बसले.

नोकरी कायम झाली, पगार बरा झाला. चंद्रपूरहून मी स्वतःसाठी एक पोपटी साडी घेतली. ती वरोऱ्याच्याच कपाटात राहिली. मुलचेऱ्याकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. तिकडे माझ्या साड्या वाढल्या, पण सगळ्या पांढऱ्याच. पैसे वाचवायला काढलेली युक्ती होती, आता पैसे असूनही ती सोडता येईना.

मग ती सव्वीस जानेवारी आली. तिच्या आदल्या दिवसाचं मला लिहिता येईल की नाही असं कितीतरी वेळा वाटलं आहे.

झेंडावंदनाला मी नेहमी लग्नातली निळ्या काठाची नेसायचे. त्या वेळी ती वरोऱ्याला राहून गेली. फोनवर पोरीशी बोलताना मी तसं सहज म्हणाले. आणा असं म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी घरी आले, तर अंगणात मासी धान वाळवत होती आणि कुंपणाच्या फाटकाशी पोरीचे बाबा उभे होते. वरोऱ्याहून चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, बसवर बस करत आले होते. काखेत वर्तमानपत्रात बांधलेली साडी.

त्या दिवशी ते नटून आले होते. बाईचा नवरा म्हणून पहिल्यांदा तिच्या गावात येत होते ना. दाढी गुळगुळीत, दात घासून घासून जरा उजळ केलेले, तोंडात खर्रा नाही. पांढरा शर्ट घातला होता आणि त्याला माझं बघून पेजेची खळ केली होती, पण पेज घट्ट झाली असणार, कारण शर्ट अंगावर पुठ्ठ्यासारखा उभा होता. कॉलरपाशी मानेला घासून लाल झालं होतं. ते मला बघून हसले. त्या हसण्यात केवढा आनंद होता.

मासीनं कंबर सरळ करत विचारलं, "ये कौन है, दिदिमणी?"

ते तोंड उघडणार, तेवढ्यात मी बोलले. अजूनही मला माझा आवाज ऐकू येतो, शाळेत हजेरी घेताना असतो तसा, स्वच्छ. मी म्हणाले, "इस्त्रीवाले हैं, वरोरा के. मेरे कपड़े यही करते हैं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काखेतल्या पुडक्याकडे पाहिलं, दोन्ही हातांनी ते पुढे केलं आणि म्हणाले, "हाव. बाईचे कपडे मीच करतो."

मला ते घरी नावानं हाक मारतात. त्या दिवशी बाई म्हणाले.

मासीनं त्यांना पायरीवर बसवलं, चहा दिला, मुरमुरे आणि नारळाचा लाडू दिला. पुडक्याचा कागद बाजूला सारून साडीच्या घडीवरून हात फिरवला आणि तिला ती फार आवडली. मग ती त्यांना आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायला लागली की दिदिमणीचा कर्ता नेई, बिचारी एकटी आहे, तिचे कपडे नीट करत जा, तिच्याकडून जास्त घेऊ नको. मी खांबाला धरून उभी होते. ते मुरमुरे खात होते. ऐकून झाल्यावर त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"मालूम है, मासी," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. मासी आत गेली आणि आपली एक थान घेऊन आली. जुनी, विटलेली, पण स्वच्छ धुतलेली. तिला कधी कोणी इस्त्री केली नव्हती. तिनं ती त्यांच्या हातात दिली, दिदिमणीबरोबर पाठवून दे म्हणाली. ते कसलाही संकोच न दाखवता हो म्हणाले, साडी वर्तमानपत्रात बांधली, काखेत मारली आणि परतीची बस कुठी मिळते म्हणून मासीलाच विचारलं. मी बसथांब्यापर्यंतही गेले नाही. इस्त्रीवाल्याला कोणी पोचवायला जातं का? कुंपणापाशी उभी राहून त्यांची पाठ बघत होते. खळ केलेला शर्ट पाठीवर मोडून त्याच्या आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या, बसमध्ये बसून बसून.

दुसऱ्या दिवशी झेंड्यासमोर सगळे म्हणाले, बाई आज फार छान दिसतात.

त्यानंतरच्या शनिवारी मी वरोऱ्याला गेले ती मनात सगळी तयारी करून. ते ओरडले तर काय बोलायचं, बोललेच नाहीत तर काय करायचं. त्यांनी मच्छी तळून ठेवली होती. पोरीची वही, सासूबाईंची गोळी, नळाला पाणी कमी येते, असं सगळं बोलले. रविवारी निघताना पुडकं हातात दिलं. आत मासीची थान, कडक, चौकोनी.

म्हणाले, "मासीले सांगजो, कोपऱ्याले जरासं लागलं. सवय नाई ना."

शेजाऱ्याची इस्त्री मागून त्यांनी ती केली होती. एका कोपऱ्याला पिवळसर चटका होता. मी तो निरोप मासीला दिला. मासी म्हणाली, काही हरकत नाही, आणि दुसरी थान दिली.

मग ते सुरूच राहिलं. दर महिन्याला मी मासीची एक थान घेऊन जायचे आणि एक आणायचे. मासी इस्त्रीवाल्यासाठी नारळाचे लाडू पाठवायची, ते पोरगी खायची आणि विचारायची, ही मासी कोण? तिला काय सांगितलं ते आता आठवत नाही. काहीतरी सांगितलं असेल. खोटं बोलायला मला त्या दिवसांत विचार करावा लागत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर ओसरीत कोळशाची जुनी जड इस्त्री ठेवलेली. बाजूला चादर गुंडाळलेली फळी. मी विचारलं, हे कुठून आणलं. ते कोळसे फुंकत होते. मान वर न करता म्हणाले, "तूनं सांगतलं ना, इस्त्रीचं काम हाये म्हणून. उद्या त्या गावातलं कोनी आलं वरोऱ्याले अन् इचारलं, तं? तू खोटी पडशीन ना."

मी हसले. खरंच हसले. तो त्यांचा विनोद आहे असं धरून चालले, कारण दुसरं काही धरून चालणं मला झेपलं नसतं. त्यांनी पुढे कोर्टाच्या भिंतीला लागून ठेला टाकला. वकिलांचे काळे कोट, शिपायांचे कपडे, शाळेतल्या मास्तरांचे. हाताला फोड यायचे. खर्रा कमी झाला, कारण कपड्यावर थेंब उडाला की गिऱ्हाईक भांडते. लोक मला सांगायचे, तुमचे मिस्टर सुधरले. आणि माझ्या साड्या आता खरोखर इस्त्रीवाल्याकडून यायला लागल्या. मी वस्तीत आणखीच टापटीप दिसू लागले. माझ्या अंगावरची प्रत्येक घडी त्यांच्या हातची होती, आणि ती नेसून मी त्यांची विधवा म्हणून हिंडत होते.

तुम्ही विचाराल, त्यांच्याशी या विषयावर कधी बोलणंच झालं नाही? नाही झालं. आम्ही दोघंही कमी बोलणारे. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड होतं, आणि मग ते घरातल्या जुन्या फर्निचरसारखं होऊन जातं, त्याला वळसा घालून चालायची सवय होते.

पुढे माझी बदली सावलीकडे झाली. निघताना मासी रडली. इस्त्रीवाल्यासाठी तिनं शर्टाचं कापड दिलं, पांढरं. मी ते घरी आणून त्यांच्यासमोर ठेवलं तेव्हा त्यांनी कापड बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले की सूत चांगलं आहे. आम्ही सगळे सावलीला राहायला आलो. त्यांनी बसस्टँडजवळ ठेला टाकला. त्या कापडाचा शर्ट शिवला, तो सणावारालाच घालतात. मासीचा अधूनमधून फोन यायचा. इस्त्रीवाला कसा आहे, असंही ती विचारायची. मी म्हणायचे, ठीक असणार, आता मी सावलीला असते ना. तेव्हा ते माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर ओसरीत बसलेले असायचे.

यंदा पोरीचं लग्न ठरलं. बोलवायच्या माणसांची नावं निघाली तेव्हा पोरगीच म्हणाली, लाडूवाल्या मासीला बोलवायचंच. लग्नात बाप पोरीच्या बाजूला उभा राहणार. मासी तिथे बसलेली असणार. न बोलावणं सोपं होतं, कोणालाच वावगं वाटलं नसतं. दोन दिवस मी तेच करायचं ठरवून होते.

तिसऱ्या दिवशी ते ठेल्यावरून आले आणि त्यांनी तो शर्ट काढून फळीवर ठेवला, लग्नाच्या आधी एकदा नीट करून ठेवू म्हणून. मासीच्या कापडाचा शर्ट. ते कोळसे फुंकत होते आणि मी दारात उभी होते.

"मले तुमाले मासीकडे घेऊन जायचं हाये," मी म्हणाले.

"काऊन? तूच जाऊन ये ना. आमंत्रणच तं द्यायचं."

"नाई. सांगायचं हाये तिले."

त्यांनी इस्त्री फळीच्या कडेला उभी ठेवली. मला वाटलं आता इतक्या वर्षांचं सगळं बाहेर येईल, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं.

ते म्हणाले, "म्हंजे आता मी जित्ता होऊन राह्यलो का?"

मी रडायला लागले. ते म्हणाले, रडू नको, पोरीच्या लग्नाले बाप लागतेच, मले जित्तं व्हाच लागन. आणि शर्ट पलटून दुसरी बाजू करायला लागले.

सावलीहून गडचिरोली, चामोर्शी, आष्टी असे आम्ही गेलो. मी पोरीनं पसंत केलेली कुंकवाच्या रंगाची साडी नेसले. आरशात स्वतःकडे बघवेना, कोणाची तरी चोरून नेसल्यासारखी वाटत होती. कापड झुळझुळीत, चुरगळत नाही. निघताना त्यांनी पदर हातात घेऊन पाहिला आणि याले इस्त्री लागत नाई म्हणाले, जरा नाराज होऊनच.

मासी अंगणात खाटेवर होती. खूप वाळली आहे, डोळ्यांत पांढरं आलं आहे. सुनेनं मला आधी ओळखलंच नाही, साडीमुळे. मासीनं आवाजावरून ओळखलं. मग तिनं दुसऱ्या माणसाकडे मान वळवली आणि हात पुढे केला. ते वाकले तर तिचा हात त्यांच्या शर्टाला लागला. तिनं कॉलर चाचपली, बाही चाचपली. स्वतः दिलेलं कापड ओळखलं की खळ ओळखली, कोण जाणे. "इस्त्रीवाला आया है," ती म्हणाली. खूश झाली.

मी खाटेपाशी खाली बसले. वाटेत जे सगळं ठरवलं होतं, तो शब्द मला कसा चुकीचा कळला, तेव्हा घरी काय परिस्थिती होती, ते काहीच बोलता येईना. मी फक्त म्हणाले, "मासी, कर्ता आहे. कर्ता हाच आहे."

बंगालीत आहे म्हणायला आछे म्हणतात. तिला कळलं. सुनेलाही कळलं, ती दारात थांबली. मासीचा हात त्यांच्या बाहीवर होता, तो तिथेच राहिला. मग मी बोलत गेले. मराठी, हिंदी, जे येईल त्यात. मी त्यांना इस्त्रीवाले कसं म्हणाले, ते कसे हाव म्हणाले, ठेला, सगळं. ते मधे एकदा म्हणाले, जाऊ दे ना आता. मी थांबले नाही.

मासीनं सगळं ऐकून घेतलं. तिनं मला विचारलं ते भलतंच.

"माछ? घर में माछ खाती थी?"

मी हो म्हणाले. दर महिन्याला. हे तळून द्यायचे.

तिचा चेहरा तेव्हा बदलला. नवरा जिवंत असल्याचं ऐकून बदलला नव्हता. ती माझ्याकडे बघत नव्हती, बघून तिला फारसं दिसलंही नसतं. "हम तो सोचा," ती म्हणाली, "दो जन हैं."

इतकी वर्षं तिच्या चुलीवर आम्हा दोघींपुरतं जे रांधलं गेलं, ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. पोरीच्या बाबांशी केलेला अपराध मी मनात रोज मोजत आले होते. हा दुसरा मला दिसलाच नव्हता.

सून जेवायला वाढायला लागली. तिनं सवयीनं माझ्या ताटात भाजी आणि त्यांच्या ताटात मासा वाढला. मासीनं वासावरूनच सांगितलं, दिदिमणीला माछ दे. मी नको म्हणाले. ती म्हणाली, खा. तिच्या आवाजात राग नव्हता आणि माया पण नव्हती. ती खाटेवर बसून राहिली आणि मी तिच्यासमोर मासा खाल्ला. काटा नीट निघेना. ते बाजूला बसून खाली मान घालून जेवत होते.

लग्नाचं आमंत्रण मी दिलं. येईन म्हणाली नाही, नाही येणार असंही म्हणाली नाही. त्यांच्यात तिच्यासारखीला लग्नाच्या विधीत पुढे बसवत नाहीत. म्हणून मी सांगितलं की आमच्याकडे नवरीच पांढरी साडी नेसते, पांढरं नेसून कोणीही पुढे बसतं. तिनं मान त्यांच्याकडे वळवली. त्यांनाच विचारलं, "सच?" ते म्हणाले, "हाव मासी. सगळे पांढऱ्यातच राहतेत." थोड्या वेळानं तिनं सुनेला हाक मारली आणि ट्रंकेतली चांगली थान काढायला लावली. ती तिनं त्यांच्या हातात दिली. आम्ही निघेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेली थान. खर्ऱ्याची पन्नी खिशातून काढली आणि मांडीवरच्या पुडक्याकडे बघून परत ठेवली. मी इतकी वर्षं नेत-आणत होते, म्हणून सवयीनं हात पुढे केला, म्हटलं, द्या माझ्याकडे, मी धरते.

त्यांनी पुडकं जरा आपल्याकडे ओढून घेतलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तुह्या हाताले मच्छीचा वास हाये."